ब्रेकमधली हवा

माझा नवरा पान्याला ताट म्हणू लागला, तेव्हापासून मी गाड्या दुरुस्त करायला शिकले.

त्याआधी पंधरा वर्षं तो नागभीड ते ब्रह्मपुरी काळीपिवळी चालवायचा. जीप स्वतःची, जुनी, आणि तिचं सगळं काम तो स्वतःच करायचा. एका सकाळी हातपंपावर तोंड धुताना तो एका कुशीवर पडला, आणि उठवलं तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय त्याचा उरला नव्हता. चंद्रपूरच्या दवाखान्यात वीस दिवस काढून आम्ही घरी आलो. बोलता येत होतं, पण शब्दांची जागा बदलली होती. पाण्याला तो कधी रस्ता म्हणे, मुलीला कधी गाय. डॉक्टर म्हणाले होते की हळूहळू येईल. काही आलं, काही आलंच नाही.

जीप सहा महिने चिंचेखाली उभी होती. टायरांवर कोंबड्या बसायच्या. मी सकाळी शाळेत पोरांची खिचडी शिजवायचे, दुपारी घरी येऊन त्याला आंघोळ घालायचे. जीपकडे पाहायला मला वेळ नव्हता आणि इच्छाही नव्हती. सिंदेवाहीचा एक माणूस ती घ्यायला तयार झाला, तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. त्याची अट एकच होती, गाडी चालू स्थितीत पाहिजे.

नवरा म्हणाला, "बाज तथी ने."

मी बाज ओढत चिंचेखाली नेली आणि त्याला तिच्यावर बसवलं. बॉनेट उघडलं. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची बॅटरी आणून लावली. मशीन नुसतं घरघरलं, पेटलं नाही. तो डावा हात वर करून म्हणाला, "गडू."

मी पाण्याचा गडू आणला. त्याने मान हलवली. "गडू! गडू!" मी दुसरा गडू आणला, पितळेचा. तिसऱ्यांदा घरात जायला निघाले तेव्हा मागून त्याचा आवाज आला, तो रडत होता. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

मग मी परत आले आणि बॉनेटखाली एकेका वस्तूला बोट लावत गेले. "हे? हे का? मंग हे?" तो मान हलवत राहिला. डिझेल फिल्टरच्या गोल डब्याला बोट लावलं तेव्हा त्याने डोळे मिटले आणि मान खाली केली. तो गडू होता. आकार तसाच असतो, खरं तर. पुढे वर्षभर आमचं शिक्षण असंच चाललं. तो एक चुकीचा शब्द म्हणायचा, मी बोट लावत जायची आणि योग्य जागा आली की तो डोळे मिटायचा.

त्या दिवशी फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू ढिला करून मी त्याच्याजवळचा डिझेलचा छोटा हातपंप दाबत बसले. त्यातून आधी फेस आला, मग बुडबुडे, मग नुसतं डिझेल. "मार. मार," तो म्हणत होता. अंगठा सोलून निघाला. स्क्रू आवळला, किल्ली फिरवली, आणि चिंचेवरच्या सगळ्या चिमण्या उडाल्या. काळा धूर घरात शिरला. तो अर्ध्या तोंडाने हसत होता.

सिंदेवाहीचा माणूस दुसऱ्या दिवशी आला. गाडी पाहिली, चालवली, त्याला पसंत पडली. नवऱ्याने डावा हात बॉनेटवर ठेवला आणि म्हणाला, "नाई."

"नाई म्हंजे?" तो माणूस म्हणाला.

"नाई."

मी नवऱ्यावर फार चिडले. दोन दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलले. मला ती जीप जायला हवी होती. ती गेली असती तर मी आज काय करत असते, हे सांगता येत नाही, पण कमी थकलेली असते.

काळीपिवळीवाले सगळे त्याच्या ओळखीचे. जाता-येता थांबायचे, चहा प्यायचे, आणि गाडीचं काही असलं तर त्याला ऐकवायचे. तो बाजेवरून कान द्यायचा आणि काहीतरी म्हणायचा. त्यांना ते कळायचं नाही, मला कळायचं. "तो म्हणून राह्यला का फॅनबेल्ट ढिला हाये," मी सांगायची. पहिल्यांदा ते स्वतः काम करत, मी पाना हातात द्यायची. मग एकाला घाई होती, त्याच्या गाडीत लग्नाची माणसं बसलेली. तो म्हणाला, "वहिनी, तुमीच टाका न बेल्ट, मी यायले पानी पाजून आनतो." मी टाकला. अशा कामाची सुरुवात कशी झाली म्हणून कोणी विचारलं तर मला ती लग्नाची माणसं आठवतात. आमच्या ओट्यावर ओळीने बसून ती माझ्याकडे पाहत होती.

सरळ मार्गाने शिकायचा प्रयत्न मी केला नाही असं नाही. तालुक्याच्या आयटीआयमध्ये विचारायला गेले. तिथल्या बाबूने माझं वय विचारलं, मग माझ्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाला, "शिवणकाम हाये न, बाई." ब्रह्मपुरीच्या एका गॅरेजवाल्याला विचारलं की आठवड्यातून एक दिवस नुसती उभी राहून पाहू का. तो माणूस वाईट नव्हता. त्याने खुर्ची दिली. तासाभराने म्हणाला, "बाई, तुमी इथी बसल्या का माह्ये मानसं शिव्या देऊ नाई शकत, अन् शिव्या देल्ल्याबिगर त्यायच्यानं काम होत नाई." मी उठले. घरीही नवरा एकटा होता, त्याला लघवीला न्यायला कोणी नव्हतं.

म्हणून शिकले ती बाजेवरच्या माणसाकडूनच. क्लच प्लेट, सेल्फ, स्प्रिंगचे पाटे, चाकाचे बेअरिंग. नागभीडच्या स्पेअरपार्टच्या दुकानात मी एकदा सवयीने "डिझेलचा गडू द्या" म्हणाले. दुकानदाराने दोनदा विचारलं. मी त्याला हाताने आकार करून दाखवला. खरा शब्द मला येत होता, पण तोंडात दुसराच बसला होता.

या कामाने माणूस कसा दमतो हे मी कोणाला सांगितलं नाही. खिचडीचं पातेलं उतरवून आलं की कंबर आधीच बोलायला लागायची. मग गाडीखाली पोतं टाकून उताणं व्हायचं, मान वर धरून काम करायचं, डोळ्यांत माती आणि गंज. उठून त्याला जेवायला घालायचं. रॉकेल आणि निरम्याने हात धुवून भाकरी थापायची, तरी भाकरीला डिझेलचा वास. पौर्णिमेला विहारात गेले की मी शेवटच्या ओळीत बसायची. कोणी काही म्हणत नसे. पण शेजारची बाई पदर नाकाशी नेई, आणि मी पुढच्या वेळी आणखी मागे सरके. संध्याकाळी पाचनंतर आमच्या रस्त्याने वाघाच्या भीतीने कोणी पायी जात नाही, त्यामुळे काम अंधाराआधी संपवायची सदा घाई. घाईत हात कापायचे. त्याची बोलणी वेगळीच. शब्द चुकत, पण राग चुकत नसे. "आंधळी!" हा शब्द त्याला कधीच दुसरा सुचला नाही.

एक काम मात्र आम्ही दोघं मिळून करायचो. ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पॅडल मारायचं आणि दाबून धरायचं. दुसऱ्याने चाकापाशी बसून निप्पल, म्हणजे तेल सोडायचा बारीक स्क्रू, ढिला करायचा, तेल आणि हवा बाहेर येऊ द्यायची, आणि पॅडल सुटायच्या आधी निप्पल आवळायचा. आधी सुटलं तर हवा उलट आत जाते. त्याचा डावा पाय चांगला होता. मी त्याला कमरेला धरून, माझ्या खांद्यावर त्याचा मेलेला हात घेऊन, सीटवर चढवायची. त्यातच माझा अर्धा जीव जायचा. पण स्टिअरिंगच्या मागे बसला की त्याची पाठ सरळ होई. "धरलं," तो आतून म्हणे. मी सोडायची, आवळायची. "सोडा," मी म्हणे. पुन्हा "धरलं." हे दोन शब्द आमचे कधी चुकले नाहीत.

आमच्या गावच्या मोठ्या तलावाची मासळी नागभीडला नेणारी एक छोटी मालगाडी होती. तिचा चालक गावातलाच, ढिवर घरातला, माझ्या भावासारखा. त्याने एक दिवस मागच्या चाकांचे सिलिंडर गळतात म्हणून गाडी आणली. मी सिलिंडर बदलले. हवा काढायला घेईपर्यंत उन्हं उतरली होती. आम्ही दोघं नेहमीसारखे बसलो. चौथ्या चाकाशी आतून "धरलं" यायला वेळ लागत होता. मी विचारलं, "बस का?"

"बस," तो म्हणाला.

त्याला उतरवून मी स्वतः एकदा पॅडल दाबून पाहिलं. ओल्या कणकेवर पाय ठेवावा तसं लागलं. मला ते कळलं, आत हवा राहिली होती. हे मी लिहून ठेवते, कारण नंतर मी बऱ्याच जणांना सांगितलं की कळलं नव्हतं. मला कळलं होतं. पण त्याला पुन्हा चढवायचं, पुन्हा चारी चाकं करायची, आणि चूल पेटायची होती. तो बस म्हणाला होता. मी त्याच्यावर टाकलं आणि बॉनेट लावलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत तांदूळ धूत होते. गुरुजी सायकलवरून आले आणि म्हणाले, "वहिनी, मासोळीची गाडी पाळीवरून खाली गेली."

मी तशीच धावले. तलावाच्या मातीच्या पाळीवर जिथे रस्ता वळतो तिथून गाडी घसरून खालच्या धानाच्या बांधीत उतरली होती, नाक चिखलात. क्रेट फुटले होते. चिखलात मासे उड्या मारत होते, आणि बायका-माणसं ते वेचून टोपल्यांत भरत होती. चालक पाळीवर बसला होता, एक हात दुसऱ्या हाताने धरून. त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, तेव्हा आम्हाला ते माहीत नव्हतं. त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं.

"वहिनी, पॅडल खालीच गेला," तो म्हणाला.

मी म्हणाले, "माह्या हातानं झालं, भाऊ."

कोणीतरी मोटरसायकल आणली, त्याला मधे बसवून नेलं. मी तिथे उभी राहिले. कोणीतरी माझ्याही पदरात दोन मासे टाकले, सगळ्यांना देत होते म्हणून. मी ते बांधीत सोडून दिले.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो ऐकत होता. मग मी विचारलं, "काल तुमचा पाय सरकला होता का?"

तो म्हणाला, "पाय झोपला."

"मंग सांगतलं काऊन नाई? बस काऊन म्हनलं?"

त्याने तोंड भिंतीकडे केलं. मी त्याला अजून बोलणार होते. मग मला कणकेसारखं पॅडल आठवलं आणि मी गप्प बसले. दोघांनीही ओळखलं होतं आणि दोघांनीही सोडून दिलं होतं. तो का बोलला नाही, हे मला कळत होतं. पाय झोपतो असं म्हटलं असतं तर तो डावा पायही गेला असता.

दोन महिने मी एकाही गाडीला हात लावला नाही. कोणी आलं तर कंबर दुखते म्हणे. चालकाच्या घरी दोनदा जाऊन आले. त्याच्या बायकोने चहा दिला, पण ती माझ्याशी बोलली नाही. तो बोलला, पावसापाण्याचं.

मग एके दिवशी तो आला. हात अजून पट्ट्यात होता, गाडी दुसरा कोणी चालवत होता. गाडीचं नाक ठोकून सरळ केलं होतं.

"ब्रेक करून द्या," तो म्हणाला.

"माह्याकडून?"

"मंग कुठी नेऊ? ब्रह्मपुरीले तीन दिवस ठेवतेत. मासोळी तीन दिवस थांबते का?" मग म्हणाला, "यावक्ती मी उभा राह्यतो. सोता पाह्यतो."

मधल्या काळात मुलीने, ती वरोऱ्याला नर्स आहे, फोनवर एक व्हिडिओ पाठवला होता. एकट्या माणसाने हवा काढायची रीत. बाटलीत थोडं ब्रेक ऑइल घ्यायचं, निप्पलला पारदर्शक नळी लावायची, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या तेलात बुडवायचं. मग पॅडल सुटलं तरी नळी तेलच ओढते, हवा नाही. मी तसं केलं. चारी चाकं, प्रत्येक दोनदा. चालक माझ्या डोक्याशी उभा होता. पॅडल दगडासारखं लागेपर्यंत मी थांबले नाही. नवरा बाजेवरून सगळं पाहत होता. त्याला कोणी सीटवर चढवलं नाही.

गाडी गेल्यावर तो म्हणाला, "माह्यं काम?"

"काय?"

"माह्यं. काम."

मी म्हणाले, "तुमी आराम करा आता."

मी चांगल्या मनानेच म्हणाले होते. त्या दिवसापासून त्याने गाड्या ऐकणं सोडलं. कोणी विचारलं की बोटाने माझ्याकडे दाखवायचा, "तिले पुसा." शिव्याही थांबल्या. मला वाटलं होतं शिव्या थांबल्या की बरं वाटेल. तो दिवसभर चिंचेच्या शेंड्याकडे पाहत बसायचा. जेवण अर्ध्यावर सोडायचा. मी एका गाडीचा बिघाड त्याच्याआधी ओळखला, आवाजावरून, आणि मोठ्याने सांगितला, तर त्याने मान फिरवली नाही.

मला ते पाहवेना. एका काळीपिवळीचे ब्रेक आले तेव्हा मी त्याला म्हणाले, "चला, पॅडल मारा." मी त्याला कमरेला धरलं, चढवलं. "धरलं," तो म्हणाला. चारी चाकं आम्ही जुन्या पद्धतीने केली. मग त्याला उतरवून, बाजेवर निजवून, त्याचा डोळा लागल्यावर मी बाटली काढली आणि सगळं पुन्हा एकटीने केलं. गाडीवाल्याला म्हटलं, बोलू नको.

असं चार-पाच महिने चाललं. प्रत्येक ब्रेक दोनदा. एकदा त्याच्यासाठी, एकदा गाडीसाठी. त्या उन्हाळ्यात माझं वजन उतरलं. गुडघे मांडी घालायला वाकेनात. शाळेत एकदा चुलीपुढे बसल्या-बसल्या डोळा लागला आणि खिचडी खाली लागली. मला स्वतःचा राग येई, मग त्याचा, मग त्या डाव्या पायाचा.

एका दुपारी मी चाकाशी बसून नळीतले बुडबुडे पाहत होते. मागून तो म्हणाला, "दोनदा नोको करू."

मी दचकले. तो जागा होता. किती दिवसांपासून जागा राहत होता कोणास ठाऊक.

"थकशीन," तो म्हणाला.

"थकली तं हायेच!" मी ओरडले. "कधीची थकली हाये. तुमाले आता दिसून राह्यलं का?" पाना माझ्या हातून पडला. मी तो उचलला नाही. बऱ्याच दिवसांचं जे होतं ते सगळं मी बोलले, जीपचं, सिंदेवाहीच्या माणसाचं, आंधळी म्हणायचा त्याचं. माझं संपलं तेव्हा त्याने बाटलीकडे बोट केलं, मग स्वतःच्या डोळ्याकडे. मग माझ्या पायाकडे.

"तू पाय," तो म्हणाला. "मी हे."

मला कळायला वेळ लागला. त्याला बुडबुडे पाहायचे होते, आणि मी पॅडल मारायचं. तो चाकाशी बसू शकत नव्हता, म्हणून मी पाट आणला, भिंतीला टेकून त्याला बसवलं, बाटली तारेने त्याच्या डोळ्यांसमोर टांगली. पहिल्यांदा त्याचा हात लागून बाटली उलटली आणि तेलाने गाडीच्या दाराच्या रंगाचे पोपडे काढले. दुसऱ्या वेळी जमलं. मी आत बसून पाय मारत होते आणि बाहेरून तो सांगत होता, "हाये. हाये. अजून हाये." मग थोडा वेळ काही नाही. मग, "गेले."

मी खाली उतरून खात्री केली. खरंच गेले होते.

आता आम्ही असंच करतो. त्याला उचलायचं कमी झालं, एवढाच माझ्या कंबरेला फायदा. बाकी काम तेवढंच आहे. शिव्या परत आल्या आहेत. शाळेची खिचडी मी सोडली नाही, सोडून चालणार नाही. मुलगी म्हणते वरोऱ्याला या. मी म्हणते पाहू.

मासळीवाला अजून माझ्याकडेच येतो. परवा आला होता, पुढचे ब्रेक पॅड बदलायला. त्याचा खांदा एका बाजूला जरा उतरलेला आहे. हसून बोलतो, घरचं सांगतो, बायकोने दिलेली सुकट पुडीत बांधून आणतो. पण गाडी नेताना फाटकाशी थांबतो आणि पॅडल तीनदा दाबतो, माझ्याकडे न पाहता. एक, दोन, तीन. त्याचं बरोबरच आहे. तिसऱ्यांदा होईपर्यंत मी तिथेच उभी राहते. मग तो जातो, आणि मी हात धुवायला वळते.